मेरीचे पत्र

ऑस्ट्रेलिया देशात वीस डॉलरची एक नोट चालते. ही नोट १९९४ साली निघाली, तेव्हा तिच्यावर एका वयस्कर बाईंचे चित्र छापले गेले. गोल चेहरा, डोळ्यांवर चष्मा, डोक्याला पांढरी टोपी. त्यांच्या शेजारी शिडांचे एक जहाज. २०१९ साली ही नोट नव्याने छापण्यात आली. बाकीचे बरेच काही बदलले, पण बाई त्याच राहिल्या. चित्र पाहिले की वाटते, या कुणाच्या तरी प्रेमळ आजी असाव्यात.

त्या आजी होत्याच. त्यांचा एक नातू पुढे टास्मानिया या प्रांताचा मुख्य मंत्री झाला. पण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्यांनी पहिले पाऊल ठेवले, ते चोरीची शिक्षा झालेली कैदी म्हणून. त्या वेळी त्यांचे वय होते पंधरा वर्षे.

त्यांचे नाव मेरी. लग्नाआधीचे मेरी हेडॉक. घरात त्यांना मॉली म्हणत.

मेरीचा जन्म १२ मे १७७७ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावी झाला. ती लहान असतानाच तिचे आईवडील वारले. मग आजीने तिला आपल्या घरी नेले. आजी ब्लॅकबर्न गावात राहत असे. तिने नातीला वाढवले आणि लिहायला-वाचायलाही शिकवण्याची सोय केली. त्या काळी इंग्लंडमध्ये गरिबाघरच्या बऱ्याच मुलींना सहीसुद्धा करता येत नसे. तेव्हा हे मोठेच भाग्य म्हणायचे. या लिहिता येण्यामुळेच मेरीच्या मनातले काही आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

थोडी मोठी झाल्यावर मेरीला एका घरी कामाला ठेवण्यात आले. परक्या घरातली धुणीभांडी, केरवारे तिला आवडले नसावेत. एक दिवस ती तेथून पळाली. एकट्या मुलीने रस्त्याने हिंडणे धोक्याचे होते. म्हणून तिने मुलाचे कपडे घातले आणि आपले नाव जेम्स बरो असे सांगू लागली. काही दिवसांनी या ‘जेम्स’ला पकडण्यात आले. आरोप होता घोडा चोरल्याचा.

घोडा चोरला, एवढेच ना, असे तुम्हाला वाटेल. पण त्या काळच्या इंग्लंडमधले कायदे फार कडक होते. दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती. माणूस मारला तर फाशी, आणि घोडा किंवा मेंढी चोरली तरीही फाशी! ज्यांच्याकडे जमीनजुमला आणि गुरेढोरे होती, त्यांनीच हे कायदे केले होते. चोर पकडायला आजच्यासारखे पोलीस नव्हते. तेव्हा शिक्षेचा धाक दाखवला म्हणजे चोऱ्या थांबतील, अशी त्यांची समजूत होती. चोऱ्या काही थांबल्या नाहीत. पोटात भूक असली म्हणजे धाक किती दिवस पुरणार?

आणि कायदा वयही पाहत नसे. लंडनमधल्या जॉन हडसन नावाच्या मुलाची हकिकत ऐका. १७८३ सालच्या डिसेंबर महिन्यात त्याला न्यायालयात उभे केले गेले. रात्री एका घरात शिरून एक सदरा, रेशमी मोजे, दोन एप्रन आणि एक पिस्तूल चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. न्यायाधीशांनी त्याचे वय विचारले. आपल्याला नववे वर्ष चालू आहे, असे त्याने सांगितले. आईवडील वारले होते. कामधंदा विचारला, तर कधी कधी धुराडी साफ करतो, असे उत्तर मिळाले. इंग्लंडमध्ये थंडीसाठी घराघरांत शेकोटी असे आणि तिचा धूर वर नेणारे अरुंद धुराडे असे. त्यात मोठा माणूस मावत नसे. म्हणून आतली काजळी खरवडायला लहान मुलांना वर चढवीत. जॉन त्यांपैकी एक होता. या मुलाला सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली.

हद्दपारी म्हणजे देशाबाहेर काढणे. आपल्याकडे ‘काळे पाणी’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. इंग्रज सरकार हिंदुस्थानातल्या कैद्यांना समुद्रापार अंदमान बेटांवर पाठवीत असे. आपल्या अनेक स्वातंत्र्यवीरांनी तेथे हाल सोसले. पण ही काळ्या पाण्याची युक्ती इंग्रजांनी त्याच्या कितीतरी आधी आपल्याच देशातल्या गरिबांवर वापरली होती.

आधी ते आपले कैदी अमेरिकेत पाठवीत. तेथे त्यांना मळ्यांवर राबवले जाई. पुढे १७७६ साली अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले आणि हा मार्ग बंद झाला. इकडे इंग्लंडमधले तुरुंग भरून वाहू लागले. मग थेम्स नदीत आणि बंदरांत जुनी, निकामी जहाजे नांगरून ठेवली गेली आणि त्यांच्या पोटात कैदी कोंबले गेले. ही तरंगती कोठारेही भरली. तेव्हा सरकारला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑस्ट्रेलियाची आठवण झाली. १७८७ सालच्या मे महिन्यात ११ जहाजांचा पहिला काफिला इंग्लंडहून निघाला. सुमारे २४,००० किलोमीटर अंतर कापून, आठ महिन्यांनी, जानेवारी १७८८ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला पोहोचला. ज्या जागी त्यांनी वस्ती केली तेथे आज सिडनी हे मोठे शहर आहे.

काफिल्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या जहाजावर जॉन हडसनही होता. एव्हाना तो तेरा वर्षांचा झाला होता. मधली सारी वर्षे त्याने कैदेतच काढली होती. पुढे त्याला नॉरफोक नावाच्या एका दूरच्या बेटावर नेण्यात आले. तेथे रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडल्याबद्दल त्याला चाबकाचे ५० फटके मारल्याची नोंद आहे.

आता पुन्हा मेरीकडे वळू.

मेरीला स्टॅफर्ड गावच्या न्यायालयात उभे करण्यात आले. ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. जेम्स बरो हा मुलगा नसून मुलगी आहे, हे उघडकीस आले. तिला सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. म्हणजे फाशी टळली, पण देश सुटला.

१७९२ साली मे महिन्याच्या अखेरीस रॉयल ॲडमिरल नावाचे जहाज कैदी घेऊन इंग्लंडहून निघाले. हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीचे होते. तीच कंपनी, जी हिंदुस्थानात व्यापारासाठी आली आणि पुढे राज्य करू लागली. मेरी या जहाजावर होती. चार महिन्यांहून अधिक काळ चोहोकडे फक्त पाणी. जहाजाच्या तळघरात अंधार, दमट हवा, आजार. वाटेतच मरण पावलेल्यांना समुद्रात सोडून देत. ७ ऑक्टोबर १७९२ रोजी जहाज सिडनीच्या बंदरात शिरले.

दुसऱ्या दिवशी, जहाजावरून उतरण्याआधीच, मेरी पत्र लिहायला बसली. पत्र होते तिच्या ‘आंट’ला. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू आणि मामी या साऱ्यांना हा एकच शब्द पुरतो! आपण तिला मावशी म्हणू.

मेरीने मावशीला काय लिहिले? आपण कालच येथे पोहोचलो, हे कळवले. जहाजावरून तरी जागा बरी दिसते, असे लिहिले. आपल्याला आठवड्याला चार विजारी शिवाव्या लागतील, असे तिला सांगण्यात आले होते. त्याबद्दल आठवड्याला एक पौंड तांदूळ, चार पौंड डुकराचे मांस आणि शिवाय भाजीपाला मिळणार होता. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडे कमी. आठवडाभर पुरवायचे तर तांदळाच्या रोज दोन-तीन मुठीच वाट्याला येणार. पण मावशीला काळजी वाटू नये म्हणून तिने हे सारे नीट, हिशेबाने लिहिले.

आणि मग एक वाक्य आले. गव्हर्नरसाहेबांनी तिला सांगितले होते की, तुला आता जन्मभर येथेच राहायचे आहे.

शिक्षा तर सात वर्षांची होती. मग जन्मभर कसे? त्यातली मेख अशी. सरकार कैद्यांना आपल्या खर्चाने नेत असे, पण परत आणत नसे. शिक्षा संपली की माणूस मोकळा. मग त्याने हवे तर इंग्लंडला जावे. पण जहाजाचे भाडे ज्याचे त्याने भरायचे. विजारी शिवणाऱ्या मुलीला ते आयुष्यभरात तरी जमले असते का? न्यायाधीशांनी कागदावर सात लिहिले, आणि समुद्राने त्याचे जन्मभर करून टाकले.

मेरीने हे मावशीला कळवले आणि लगेच पुढे लिहिले की, दोन-तीन वर्षांत येथून निघण्याची संधी मी शोधत राहीन. तोवर या दुःखाच्या स्थितीतही जमेल तेवढे आनंदात राहण्याचा प्रयत्न करीन.

पंधरा वर्षांची मुलगी. आजी नाही, मावशी नाही, ओळखीचा एकही रस्ता नाही. तरी पत्र असे.

मेरी ज्या सिडनीत उतरली, ते शहर नव्हते. चारी बाजूंना जंगल आणि मध्ये मातीच्या भिंतींची काही घरे. इंग्लंडहून आणलेले बी तिथल्या जमिनीत नीट रुजत नव्हते. वस्ती अनेकदा उपासमारीच्या दारात उभी राहिली होती. त्याच वर्षी, मेरी येण्याच्या काही महिने आधी, कलकत्त्याहून अटलांटिक नावाचे जहाज तिथे धान्य घेऊन आले होते. त्यात काय होते माहीत आहे? तांदूळ, सोजी आणि डाळ! इंग्रजांच्या जुन्या नोंदींत सोजी आणि डाळ हे आपलेच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले आहेत. हे पदार्थ शिजवायचे कसे, असा प्रश्न लँकेशायरच्या आणि लंडनच्या कैद्यांना नक्की पडला असेल.

ही जमीन ओसाड नव्हती, हेही सांगायला हवे. सिडनीच्या आसपास गडिगल आणि इतर आदिवासी लोक हजारो वर्षांपासून राहत होते. मासे धरावे, शिकार करावी, कंदमुळे खणावी, असे त्यांचे जीवन होते. इंग्रजांनी त्यांना न विचारता त्यांची जमीन आपली म्हणून घेतली. १७८९ साली देवीची साथ आली, तिच्यात त्यांच्यातले पुष्कळजण मेले. आपल्या देशातून हाकललेली माणसे दुसऱ्यांच्या देशात नेऊन वसवली गेली, आणि त्यामुळे तिथली माणसे आपल्याच देशात परकी झाली.

मेरीला मेजर ग्रोझ नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी मुले सांभाळण्याचे काम देण्यात आले. ज्या कामाला कंटाळून ती इंग्लंडमध्ये पळाली होती, तसलेच काम पुन्हा तिच्या नशिबी आले. या वेळी मात्र पळून जायला जागा नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जंगल.

दोन वर्षांनी, ७ सप्टेंबर १७९४ रोजी, मेरीचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव थॉमस रीबी. तो आयर्लंडचा तरुण दर्यावर्दी होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. कैदी नव्हता. सरकारने त्याला हॉक्सबरी नदीकाठी जमीन दिली. नदीकाठची माती सुपीक होती. तेथे गहू चांगला पिकू लागला आणि नदीतून होड्या भरून तो सिडनीला येऊ लागला. थॉमसने ही वाहतूक हाती घेतली. पुढे होड्यांची जागा गलबतांनी घेतली. कोळसा, देवदाराचे लाकूड, सील माशांची कातडी, मिळेल तो माल ही गलबते वाहू लागली. (सील हा खरा मासा नव्हे. तो समुद्रात राहणारा सस्तन प्राणी आहे. कातडीपायी त्या काळी लाखो सील मारले गेले.) १८०७ साली थॉमसने मर्क्युरी नावाचे गलबत घेतले. १९९४ सालच्या नोटेवर बाईंच्या शेजारी छापलेले जहाज ते हेच.

रीबींनी आपल्या घराला नाव दिले एंटाली. हे कलकत्त्याच्या एका भागाचे नाव आहे. कंपनीच्या जहाजांवर काम केलेल्या माणसाच्या मनात ते कुठेतरी राहिले असावे. पुढे त्यांच्या मोठ्या मुलाने टास्मानियात घर बांधले. त्याचेही नाव एंटालीच. ते घर आजही उभे आहे.

थॉमस समुद्रावर गेला की दुकान मेरी पाही. माल मोजून घ्यावा, उधारी लिहावी, वसुली करावी. आजीच्या घरी शिकलेली अक्षरे आणि आकडे आता कामाला आले. मुलेही होत होती. तीन मुलगे आणि चार मुली.

१८११ साली एप्रिल महिन्यात थॉमस वारला. आणि त्यानंतर लवकरच व्यवसायातला त्यांचा भागीदारही गेला. मेरी तेव्हा चौतिसाव्या वर्षात होती. पदरात सात मुले, त्यांतले सर्वांत धाकटे अगदी लहान. डोक्यावर जहाजे, दुकान, शेतजमिनी आणि देणेकऱ्यांचा सारा पसारा.

इथून पुढे मात्र आपण तिला मेरीबाई म्हणू.

मेरीबाईंनी व्यवसाय बंद केला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी जॉर्ज स्ट्रीट या सिडनीच्या मुख्य रस्त्यावर नवी वखार उघडली. आणखी जहाजे घेतली. बंदरावर कोणते जहाज काय घेऊन आले आहे, कुणाला काय हवे आहे, भाव कधी चढतील, हे सारे त्यांना तोंडपाठ असे. हिशेबाला त्या फार कडक होत्या. इतक्या की, पैसे बुडवू पाहणाऱ्या एका माणसावर त्या एकदा धावून गेल्या आणि त्याला मार दिला. १८१७ साली त्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले! असे वागणे काही बरे नव्हे. पण नोटेवरच्या शांत आजीबाई पाहताना ही गोष्टही आठवावी.

त्या काळात सिडनीत दोन तट होते. शिक्षा भोगून मोकळे झालेल्या लोकांना काही प्रतिष्ठित मंडळी आपल्या पंगतीला बसवीत नसत. एकदा कैदी तो कायमचा कैदी, असे त्यांचे म्हणणे. १८१० साली मॅक्वारी नावाचे नवे गव्हर्नर आले. हे मॅक्वारी पूर्वी सैन्यात असताना बरीच वर्षे मुंबईत राहिले होते. त्यांचे पहिले लग्नही मुंबईतच झाले होते. त्यांचा विचार वेगळा होता. शिक्षा संपली की गुन्हा संपला, असे ते मानत. त्यांनी अशा लोकांना नोकऱ्या दिल्या, मान दिला, आपल्या घरी जेवायला बोलावले. त्यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. मेरीबाईंना मात्र त्यांच्या घरी मानाने बोलावणे येत असे.

१८१७ साली ऑस्ट्रेलियातली पहिली बँक सिडनीत उघडली. तिचे कामकाज सुरू झाले मेरीबाईंच्या मॅक्वारी प्लेस येथील घरात. ते त्यांनी बँकेला भाड्याने दिले होते. ही बँक आज वेस्टपॅक या नावाने चालू आहे. चोरीबद्दल देशाबाहेर काढलेल्या मुलीच्या घरात गावाने आपली तिजोरी ठेवली!

मावशीच्या पत्रात मेरीने लिहिले होते, दोन-तीन वर्षांत येथून निघेन. त्याला अठ्ठावीस वर्षे लागली.

१८२० साली मेरीबाई इंग्लंडला जायला निघाल्या. या वेळी तिकीट काढून, प्रवासी म्हणून. बरोबर दोन मुली होत्या, सीलिया आणि एलायझा. धाकटी एलायझा पंधरा वर्षांच्या आसपास होती. आई जेव्हा कैद्यांच्या जहाजातून सिडनीला उतरली, तेव्हा तिचे वय हेच होते. दोघी मुलींचा जन्म ऑस्ट्रेलियातला. आईचा देश त्यांनी कधी पाहिला नव्हता.

या प्रवासात मेरीबाईंनी रोजनिशी ठेवली. ब्लॅकबर्नला पोहोचल्यावर त्या डार्वेन स्ट्रीट या रस्त्याच्या माथ्यावर आल्या. त्या क्षणी मनाला काय वाटले ते सांगताच येणार नाही, असे त्यांनी लिहिले आहे. मग त्या आजीच्या घरात गेल्या. ज्या घरातून त्या लहानपणी बाहेर पडल्या, ते घर जवळजवळ तसेच होते. तेच सामान. बरेचसे त्याच जागी ठेवलेले. सुमारे एकोणतीस वर्षांत खुर्च्या-टेबले जागची हलली नव्हती.

पण त्या घरात त्यांच्या ओळखीचे एकही माणूस नव्हते. आणि त्यांना ओळखणारेही कुणी नव्हते.

गावातल्या नातेवाइकांनी त्यांचे चांगले स्वागत केले. हद्दपार झालेली पोर रेशमी कपड्यांत, दोन मुली घेऊन, श्रीमंत होऊन परत येते, हे ब्लॅकबर्नने पूर्वी कधी पाहिले नसेल. मेरीबाई काही महिने इंग्लंडमध्ये हिंडल्या. राहायचे मनात आणले असते तर आता त्यांना कुणी अडवले नसते. पैसाही होता. पण १८२१ साली त्या मरीनर नावाच्या जहाजाने सिडनीला परतल्या. मुले तिथे होती, जहाजे तिथे होती, आणि सकाळी दारात येऊन हाक मारणारी माणसेही तिथेच होती.

परत आल्यावर त्यांनी सिडनीत अनेक इमारती बांधल्या. व्यापार हळूहळू मुलांच्या हाती दिला. दानधर्म केला. १८२५ साली तेथील एका मोफत शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर त्यांची नेमणूक झाली.

१८२८ साली त्या वसाहतीत जनगणना झाली. घरोघर माणसे मोजली गेली. नाव, वय, धर्म, धंदा, किती जमीन, किती गुरे, असे सगळे लिहून घेतले जाई. त्यात आणखी एक प्रश्न असे. तुम्ही येथे कोणत्या जहाजाने, कोणत्या वर्षी आणि कसे आलात? कैदी म्हणून, की मोकळे?

एकट्या सिडनीत असे हजारो लोक होते, ज्यांना या प्रश्नाचे उत्तर देताना मान खाली घालावी लागे. मुलांची लग्ने व्हायची होती. नातवंडे शाळेत जायची होती. आजी चोर होती, असे कुणी त्यांना चिडवले तर? पुढे कितीतरी घराण्यांनी आपल्या पूर्वजांची ही गोष्ट लपवून ठेवली. कुणी नावे बदलली, कुणी कागद फाडून टाकले. आज ऑस्ट्रेलियातले लोक असे पूर्वज शोधून काढतात आणि अभिमानाने सांगतात, पण त्याला फार वर्षे जावी लागली.

मेरीबाईंची शिक्षा संपून तीस वर्षे होत आली होती. अख्ख्या सिडनीला त्यांची हकिकत ठाऊक होती. तरी त्यांनी जनगणनेत उत्तर लिहून दिले: जहाज मरीनर, साल १८२१, मोकळी आले.

यात एकही शब्द खोटा नव्हता. १८२१ साली मरीनर जहाजातून त्या खरोखरच मोकळ्या आल्या होत्या. त्याआधी कधी आल्या होत्या, एवढे फक्त त्यांनी सांगितले नाही.

मेरीबाई ३० मे १८५५ रोजी सिडनीजवळच्या न्यूटाऊन येथे वारल्या. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षे होते. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारी जहाजे त्यानंतरही चालूच होती. शेवटचे जहाज १८६८ सालच्या जानेवारीत पोहोचले. ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० माणसे अशी समुद्रापार नेली गेली. त्यांत पुष्कळ मुले होती. अनेकांना लिहिता येत नव्हते.

मेरीने ऑक्टोबर १७९२ मध्ये मावशीला लिहिलेले पत्र मात्र आहे. ते सिडनीच्या राज्य ग्रंथालयात जपून ठेवले आहे. विजारी किती शिवायच्या, तांदूळ किती मिळणार आणि परत कधी येणार, हे सारे त्यात पंधरा वर्षांच्या मुलीच्या अक्षरात लिहिलेले आहे.